कोरडवाहू पिकांच्या संशोधनाला वाली कोण?

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर 1930 च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून एक वाण निवडला गेला. कागदोपत्री त्याचे नाव एम 35-1, लोकांच्या तोंडी मात्र मालदांडीच. मंगळवेढा, बार्शी, बीड, धाराशिव आणि सीमेपलीकडे थेट विजापूरपर्यंत रब्बीच्या काळ्या रानात हा वाण आजही पेरला जातो. पुण्या-मुंबईचा दुकानदार आजही ज्वारीच्या पोत्याकडे बोट दाखवून ‘मालदांडी आहे’ एवढेच म्हणतो आणि गिऱ्हाइकाची खात्री पटते. ऐंशीहून अधिक वर्षे एक वाण शेतकऱ्याच्या विश्वासाला उतरला, याचे श्रेय तो निवडणाऱ्यांना द्यायलाच हवे.

पण याच गोष्टीची मला काळजीही वाटते. मेक्सिकोहून आलेल्या गव्हातून निवडलेले कल्याणसोना आणि सोनालिका हे वाण 1960 च्या दशकाअखेर पंजाब-हरियाणात पसरले. आज तिथला शेतकरी ते पेरत नाही. त्यानंतर गव्हाच्या वाणांच्या कितीतरी पिढ्या झाल्या. तांबेऱ्याची नवी जात आली की तिला तोंड देणारा नवा वाण मागोमाग आला. रब्बी ज्वारीत राहुरी कृषी विद्यापीठाचे फुले वसुधा, फुले रेवती आणि परभणी विद्यापीठाचा परभणी मोती हे वाण आले आणि ते चांगलेही आहेत. तरी मालदांडीची जागा पूर्णपणे घेईल असे अजून काही हाती आलेले नाही.

याला शास्त्रीय कारणे आहेत. पाऊस सरल्यावर जमिनीत साठलेल्या ओलीवर ही ज्वारी वाढते. कोवळेपणी खोडमाशी, दाणा भरताना ओल संपली की खडखड्या हा खोड कुजवणारा रोग. शेतकऱ्याला धान्याइतकाच कडबाही लागतो आणि घरातल्या बाईला भाकरी नीट थापता आली पाहिजे. खरीप ज्वारीत 1964 मध्ये सीएसएच-1 हा संकरित वाण आला आणि उत्पादनाचे चित्र बदलले. रब्बीत तशी संकरित क्रांती झाली नाही, कारण एका बाजूने उत्पन्न वाढवले की दुसऱ्या बाजूने दाण्याची प्रत किंवा कडबा हातचा जातो. प्रश्न अवघड आहे यात वाद नाही. पण अवघड प्रश्न इतर पिकांतही होते आणि जिथे दीर्घकाळ पैसा व माणसे लावली, तिथे ते सुटले. संशोधन कोणत्या पिकावर व्हायचे हे त्याचा पैसा कोण देतो यावर ठरते, आणि कोरडवाहू पिकांसाठी कायमचा पैसा देणारा आपल्याकडे कोणीच उरलेला नाही, असे माझे म्हणणे आहे.

आपल्या कृषी संशोधनाचा इतिहास याच नजरेने पाहावा. 1905 मध्ये बिहारमधल्या पुसा इथे संशोधन संस्था उभी राहिली, तिच्यासाठी हेन्री फिप्स या अमेरिकी धनिकाने लॉर्ड कर्झनकडे दिलेली देणगी कामी आली. 1934 च्या भूकंपात ती इमारत कोसळली, संस्था दिल्लीला हलली आणि नाव सोबत घेऊन गेली. पण देणगीपेक्षा बोधप्रद गोष्ट कापसाची आहे. गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता. म्हणून 1921 मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि 1923 च्या कायद्याने कापसावर उपकर बसवून तिला स्वतःचा पैसा मिळाला. मुंबईत माटुंग्याला 1924 मध्ये कापसाच्या धाग्याची प्रयोगशाळा सुरू झाली ती याच पैशातून. तीच आज ‘सिरकॉट’ (केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था) म्हणून ओळखली जाते. पैसा बाजारातून येत होता, त्यावर कायद्याची मोहोर होती आणि तो त्याच पिकासाठी राखून ठेवलेला होता. पुढे ऊस, ताग, तेलबिया अशा इतर पिकांसाठीही समित्या झाल्या. पैसा देणारे ज्यांना हवे होते, ती पिके पुढे गेली. ज्वारी-बाजरीसाठी अशी समिती कोण काढणार? तिचा निर्यातदार नव्हता की गिरणीमालक नव्हता.

तिला सरकारच तारू शकत होते आणि काही काळ सरकारने ते केलेही. शाही कृषी आयोगाच्या शिफारशीवरून 1929 मध्ये इम्पीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च स्थापन झाली. आजची भारतीय कृषी संशोधन परिषद ती हीच. या कौन्सिलच्या पैशातून 1933 मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले. पडणारे पाणी रानातच कसे मुरवायचे, पेरणीचे अंतर किती ठेवायचे, कोणत्या खोलीच्या जमिनीत कोणते पीक घ्यायचे, याची पद्धतशीर नोंद तिथे सुरू झाली. या ज्ञानातून कोणत्याही व्यापाऱ्याला नफा होणार नव्हता, पण लाखो शेतकऱ्यांचा निभाव लागणार होता. पुढे 1940 मध्ये कायदा करून शेतमालाच्या निर्यातीवर अर्धा टक्का उपकर बसवण्यात आला आणि तो कौन्सिलच्या कामासाठी ठेवण्यात आला.

हा उपकर 2006 मध्ये रद्द झाला. उपकरांची किचकट जंत्री कमी करायची होती आणि परिषदेच्या एकूण खर्चापुढे ही रक्कम तोवर लहान झाली होती, हे मान्य. पण त्यासोबत एक तत्त्वही गेले. कृषी संशोधनाला कायद्याने बांधून दिलेला, कोणाच्या मर्जीवर न चालणारा पैसा असावा, हे ते तत्त्व. पिकांच्या समित्या तर त्याआधीच, 1960 च्या दशकाच्या मध्यात विसर्जित होऊन त्यांच्या संस्था परिषदेकडे आल्या होत्या. एका छत्राखाली आणण्याचा तो निर्णय त्या वेळी बरोबर होता असे मला वाटते. मात्र संस्था एकत्र आणताना आणि पुढे उपकर काढताना, त्यांच्या जागी तितकाच भक्कम पैशाचा झरा उभा करायला हवा होता. तो झाला नाही आणि संशोधन दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर येऊन थांबले.

हरितक्रांतीचे उदाहरण आपण नेहमी देतो, पण त्यातली महत्त्वाची गोष्ट नजरेआड करतो. त्या यशाचा पाया बियाण्याइतकाच प्रशासकीय निर्णयांचा होता. 1963 मध्ये मेक्सिकोत गव्हाचे नवे वाण घडवणारे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग भारतात येऊन गेले. सी. सुब्रमण्यम यांनी अन्नमंत्री म्हणून परिषदेची पुनर्रचना हाती घेतली. 1965 मध्ये डॉ. बी. पी. पाल यांच्या रूपाने परिषदेच्या प्रमुखपदी पहिल्यांदा शास्त्रज्ञ आला. आपले अण्णासाहेब शिंदे त्या काळात केंद्रीय कृषी खात्यात होते आणि या कामाला राजकीय पाठबळ देणाऱ्यांत होते. 1966 मध्ये मेक्सिकोहून 18 हजार टन गव्हाचे बियाणे मागवण्याचा निर्णय म्हणजे परकीय चलनाची चणचण असताना घेतलेला मोठा धोका होता. 1964-65 मध्ये देशात सुमारे सव्वा कोटी टन गहू पिकला, 1970-71 मध्ये तो 2 कोटी 38 लाख टनांवर गेला. पैसा, माणसे आणि निर्णयाचा अधिकार ही तिन्ही एकाच वेळी एका ठिकाणी आली, म्हणून हे घडले. घडले मात्र ओलिताच्या गव्हात. महाराष्ट्राची निम्म्याहून कितीतरी अधिक शेती पावसावर आहे आणि तिच्या वाट्याला ही तिन्ही एकाच वेळी कधी आली नाहीत.

आता माणसांविषयी. 1972 मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतल्या एका शास्त्रज्ञाने आत्महत्या केली. तिथल्या नेमणुका आणि बढत्यांच्या कारभारावर देशभर चर्चा झाली आणि चौकशीसाठी न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्यानंतरच्या बदलांत 1973 मध्ये केंद्र सरकारात कृषी संशोधन व शिक्षणाचा स्वतंत्र विभाग झाला आणि शास्त्रज्ञांच्या निवडीसाठी स्वतंत्र मंडळ आले. माणसे नीट निवडली आणि वागवली गेली नाहीत तर संशोधन आतून पोखरले जाते, हे तेव्हा देशाला कळले होते. आज महाराष्ट्रात हा प्रश्न निवडीच्या आधीच अडतो, कारण निवडच होत नाही. राहुरी, अकोला, दापोली, परभणी या चारही कृषी विद्यापीठांत मंजूर पदांपैकी जवळपास निम्म्या जागा रिकाम्या असल्याची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. एक प्राध्यापक शिकवतो, परीक्षा घेतो, वसतिगृहाचे काम पाहतो, शेतकरी मेळाव्याला जातो आणि उरलेल्या वेळात दोन पिकांचे पैदास कार्यक्रम सांभाळतो.

पैदास कार्यक्रम म्हणजे काय, हे शेतीबाहेरच्या वाचकाला कळले पाहिजे, नाहीतर रिकाम्या पदाचा खरा अर्थ ध्यानात येणार नाही. तुरीचे उदाहरण घ्या. दोन वाणांचा संकर करायचा तर कळी उमलण्याआधी चिमट्याने तिचे पुंकेसर काढावे लागतात आणि दुसऱ्या वाणाचे पराग हाताने लावावे लागतात. त्यातून आलेले बी पुढच्या हंगामात, त्याचे बी त्याच्या पुढच्या हंगामात, अशा सहा-सात पिढ्या वाढवून, प्रत्येक पिढीत हजारो झाडांतून निवड करावी लागते. मग केंद्रावर चाचणी, मग अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात निरनिराळ्या ठिकाणी तीन वर्षे चाचण्या, मग जॉइंट ॲग्रेस्कोत, म्हणजे राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत, शिफारस. मग पैदासकार बियाणे, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित. पहिल्या कळीपासून शेतकऱ्याच्या पिशवीपर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात. जालना जिल्ह्यातल्या बदनापूर केंद्राचा बीडीएन 711 हा लवकर येणारा तुरीचा वाण मराठवाड्यातल्या हलक्या-मध्यम जमिनीत शेतकऱ्यांना उपयोगी पडला. त्याच्या मागे असेच लांबलचक काम आहे.

एवढ्या लांबीच्या कामाला आपण पैसा कसा देतो? विद्यापीठाचा पगार राज्य सरकार देते. समन्वित प्रकल्पाच्या खर्चात परिषद 75 टक्के आणि विद्यापीठ 25 टक्के भार उचलते. उरलेल्या कामाला दोन-तीन वर्षांच्या योजना. राज्याच्या अनुदानाचा बहुतांश भाग पगार आणि निवृत्तिवेतनात जातो. मजुरी, खत, प्रयोगशाळेची रसायने, शीतगृहाचे वीजबिल, शिवारातल्या चाचण्यांसाठी गाडीचे डिझेल यांना हात आखडता घ्यावा लागतो. अनुदानाचा हप्ता उशिरा आला आणि फुलोऱ्याच्या पंधरवड्यात रोजंदारीचे मजूर मिळाले नाहीत, तर त्या वर्षीचे संकर होत नाहीत. फुलोरा पुढच्या हप्त्याची वाट पाहत नाही. एक पूर्ण वर्ष जाते. पैदासकार निवृत्त झाला आणि तीन वर्षे जागा भरली नाही, तर त्याने जपलेल्या शेकडो वंशावळींपैकी कोणती कशासाठी ठेवली होती, हे सांगणारा माणूस उरत नाही. नोंदवह्या असतात, पण झाडाकडे पाहून निवड करण्याची नजर वहीत उतरत नाही. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून कोणी त्याचा जाब विचारत नाही.

या जागी एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो: खासगी कंपन्या आहेत ना, त्या करतील संशोधन. त्या करतात आणि भाजीपाला, मका, बाजरी, कापूस यांत त्यांचे काम मोठे आहे. पण कंपनी तिथेच पैसा लावणार जिथे शेतकरी दरवर्षी बियाणे घ्यायला येतो, आणि तो दरवर्षी येतो तो संकरित वाणासाठी. सोयाबीन, हरभरा, तूर, रब्बी ज्वारी यांच्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांचे बी शेतकरी घरचेच राखतो. तो त्याचा हक्क आहे आणि 2001 च्या वाणसंरक्षण कायद्याने तो मान्यही केला आहे. अशा पिकात दहा वर्षे पैसा ओतून कंपनीला परतावा मिळत नाही. यात कंपनीचा दोष काही नाही. व्यापाराचे गणितच तसे आहे. म्हणून मराठवाडा-विदर्भाच्या सोयाबीनला जबलपूरच्या विद्यापीठाच्या जेएस 335 ने उभे केले आणि पुढे सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्राच्या फुले संगमने आणि परभणीच्या एमएयूएस मालिकेने त्याला पर्याय दिले. हे सगळे सरकारी काम आहे. राज्यात आज 50 लाख हेक्टरच्या आसपास सोयाबीन पेरले जाते. एवढ्या क्षेत्राचे भवितव्य काही मोजक्या केंद्रांवरच्या काही मोजक्या माणसांवर टांगलेले असावे, हे धोक्याचे आहे.

सार्वजनिक संशोधन मागे पडले की काय होते, हे कापसाने दाखवले. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-4, 1970 मध्ये सुरतच्या सरकारी केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी दिला. आपल्या नांदेडच्या केंद्राचा एनएचएच 44, म्हणजे शेतकऱ्यांचा ‘नांदेड 44’, मराठवाडा आणि विदर्भात गावोगाव पेरला जात होता. 2002 मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली. बोंडअळीला मारणारे जनुक खासगी हातात होते, सार्वजनिक वाणांत ते नव्हते. काही वर्षांतच बाजार बीटी संकरित वाणांनी भरून गेला आणि नांदेड 44 दिसेनासा झाला. त्याची बीटी आवृत्ती महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळामार्फत शेतकऱ्यांपुढे यायला दीड दशक गेले. तोवर गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडले होते. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्याने ते भोगले. सार्वजनिक क्षेत्राने स्वतःचा बीटी सरळ वाण आणायचा प्रयत्नही केला. ‘बिकानेरी नरमा’ला 2008 मध्ये मान्यता मिळाली, पण त्यात मोन्सॅन्टोच्या जनुकाची सरमिसळ आढळल्याने तो मागे घ्यावा लागला आणि डॉ. सुधीर सोपोरी यांच्या समितीने त्याची चौकशी केली. ही घटना सार्वजनिक संस्थांनी विसरता कामा नये. पैसा हवाच, पण पैशासोबत काटेकोरपणा, चाचणीची शिस्त आणि चुकीची जबाबदारीही हवी.

बीटीच्या बाजूने किंवा विरोधात हा लेख नाही. सरकारी सरळ वाणात ते जनुक 2005 च्या आसपास नीट बसवून मिळाले असते, तर कोरडवाहू शेतकऱ्याला स्वस्त, घरचे राखता येणारे आणि लवकर येणारे बियाणे हाती असते. लांब हंगामाच्या संकरित कापसात गुलाबी अळीला मिळालेले मोकळे रान कमी झाले असते. तो पर्यायच शेतकऱ्यापुढे नव्हता.

आता उलट बाजूची उदाहरणे पाहा, तीही महाराष्ट्रातलीच. 1975 मध्ये ऊस उत्पादकांच्या सहकारी कारखान्यांनी पुण्याजवळ मांजरीला संशोधन संस्था उभी केली, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. कारखाने गाळपाच्या टनामागे ठरावीक वर्गणी देतात. पैसा सरकारी तिजोरीत जाऊन परत यायची वाट पाहावी लागत नाही. उसाला पाडेगावचे सरकारी केंद्रही आहे, ज्याने फुले 265 दिला. कोइमतूरचा को 86032 महाराष्ट्रात रुजवण्यात त्याचा मोठा हात आहे. म्हणजे उसामागे परिषद, विद्यापीठ आणि कारखानदारी असे तीन आधार आहेत. द्राक्षाचे पाहा. बागायतदारांनी स्वतःचा संघ बांधला, वर्गणी काढली, चर्चासत्रे भरवली, बाहेरचे वाण आणले. 1997 मध्ये मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आले. 2010 मध्ये युरोपात क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश सापडून द्राक्षनिर्यात अडचणीत आली, तेव्हा अंश तपासणीची शास्त्रशुद्ध घडी बसवायला हे केंद्र कामी आले. ऊसवाल्यांनी, द्राक्षवाल्यांनी जे केले ते योग्यच केले आणि त्याबद्दल त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्यांच्याकडे पाणी होते, नगदी पैसा होता, संघटना होती. तूर-ज्वारीचा शेतकरी विखुरलेला आहे, त्याची दोन-पाच एकर जमीन पावसावर आहे. त्याच्या वतीने वर्गणी गोळा करणारी यंत्रणा सरकारने कायद्याने उभी केली तरच ती उभी राहणार.

सरकारी पैशाचे प्रमाणही पाहावे. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कृषी संशोधन व शिक्षण विभागाला सुमारे 10,466 कोटी रुपये ठेवले गेले. त्याच वर्षी खतांच्या अनुदानाला सुमारे 1 लाख 68 हजार कोटी, म्हणजे सोळापट. खताचे अनुदान बंद करा असे मी म्हणत नाही. एका हंगामात ते काढले तर शेतकरी कोलमडेल. पण नत्र कमी खाऊन तेवढेच पिकणारा वाण किंवा माती तपासून खत देण्याची पद्धत गावापर्यंत पोचली तर हाच खर्च हळूहळू उतरतो. 2023-24 च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात म्हटले आहे की कृषी संशोधनावर आणि शिक्षणावर खर्च केलेला एक रुपया 13 रुपये 85 पैसे परत देतो. ही सरासरी आहे आणि सगळ्या पिकांना सारखी लागू होणार नाही, हे ध्यानात ठेवूनही हा परतावा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापुरात अतिवृष्टीने पिकांसह माती वाहून गेली. राज्य सरकारने 31 हजार कोटींहून अधिक रकमेचे मदतीचे पॅकेज जाहीर केले. संकटातल्या माणसाला मदत झालीच पाहिजे. मात्र पाऊस एकतर दोन महिने दडी मारणार किंवा चार दिवसांत कोसळणार, हे आता नेहमीचे झाले आहे. पाणी साचलेल्या रानात आठवडाभर तग धरणारी तूर, काढणीच्या पावसात शेंगेतच कोंब न फुटणारे सोयाबीन, यांवरचे काम आज सुरू केले तर 2036-37 च्या सुमारास ते शेतकऱ्याच्या हाती येईल. आज सुरू केले नाही तर तेव्हाही आपण फक्त पंचनामेच करत असू.

संशोधकांवर होणारा एक आक्षेप मला पटतो. दरवर्षी वाण प्रसारित होतात, त्यांच्या पुस्तिका छापल्या जातात, पण त्यांतल्या अनेकांच्या पैदासकार बियाण्याला मागणीच येत नाही. बढतीत प्रसारित वाणांची आणि शोधनिबंधांची संख्या मोजली जाते. तो वाण पाच वर्षांनी किती एकरांवर आहे हे मोजले जात नाही. शेतकऱ्याला नको असलेला वाण काढून संशोधन झाले असे म्हणता येणार नाही. चार विद्यापीठांत एकाच पिकावर एकमेकांना न विचारता होणारे कामही थांबले पाहिजे. त्यांच्यात समन्वय ठेवायला 1984 पासून पुण्यात कृषी शिक्षण व संशोधन परिषद आहे, तिला पीकनिहाय जबाबदारी वाटून देण्याचा अधिकार खऱ्या अर्थाने द्यावा. विद्यापीठे मात्र कमी करू नयेत. कोकणातला भात आणि काजू, विदर्भातली संत्री आणि कापूस, मराठवाड्यातली तूर आणि पश्चिम महाराष्ट्रातली रब्बी ज्वारी ही चार वेगवेगळी हवामाने आहेत. एका इमारतीतून ती सांभाळता येणार नाहीत.

मग पैशाची सोय कशी करावी? ऑस्ट्रेलियाने 1989 च्या कायद्याने यावर उत्तर काढले. तिथे धान्य उत्पादकांच्या विक्रीतून ठरावीक टक्का कापला जातो, सरकार त्यात आपला वाटा घालते आणि शेतकऱ्यांचा सहभाग असलेले महामंडळ तो पैसा संशोधनाला देते. आपल्याकडे नवे यंत्र उभारायचीही गरज नाही. बाजार समित्या खरेदीदाराकडून शेकडा एक रुपयाच्या आसपास बाजार फी घेतातच. त्यातले दहा पैसे पीक संशोधन निधीसाठी कायद्याने वेगळे काढावेत. सोयाबीनचे गणित करून पाहा: 50 लाख टन उत्पादन धरले आणि 2024-25 चा 4,892 रुपये क्विंटल हा हमीभाव धरला, तर किंमत सुमारे 24 हजार 460 कोटी होते. शेकडा दहा पैशांनी 24 कोटींवर रक्कम निघते. निम्माच माल समितीच्या वजनकाट्यावर आला तरी 12 कोटी, तेही दरवर्षी, एकाच पिकासाठी. तेवढाच वाटा राज्य सरकारने घालावा. शेतकऱ्याच्या खिशातून यात थेट एक पैसाही जात नाही. आणि व्यापारी तो भावातून वसूल करील अशी शंका असेल, तर फी न वाढवता आहे त्यातूनच वाटा काढावा.

बाजार समित्या तक्रार करतील, हे उघड आहे. काही समित्या आधीच तोट्यात आहेत, त्यांना त्यांच्या उलाढालीप्रमाणे सवलत द्यावी. पण मोठ्या समित्यांनी गाळे आणि कमानी बांधण्याऐवजी ज्या पिकावर त्यांचा धंदा चालतो त्याच्या बियाण्यावर थोडा खर्च करावा, यात अन्याय काही नाही.

हा निधी वित्त विभागाच्या नेहमीच्या खात्यात जाऊ नये. पीकनिहाय मंडळ असावे, त्यात निम्मे प्रतिनिधी ते पीक घेणारे शेतकरी असावेत आणि मंजुरी किमान दहा वर्षांची द्यावी, दर तीन वर्षांनी कामाचा आढावा घेऊन. त्यातून पहिला खर्च माणसांवर व्हावा: प्रत्येक मुख्य पिकाला प्रत्येक विभागात एक पैदासकार, एक रोगशास्त्रज्ञ, एक कीटकशास्त्रज्ञ आणि हंगामभराचे मजूर. वाणाचे यश त्याच्या पेरणीक्षेत्रावर मोजावे. वाण प्रसारित झाला की त्याचे बियाणे महाबीजसोबत शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही वाढवायला द्यावे, म्हणजे कागदावरून पिशवीपर्यंतचे अंतर कमी होईल.

ज्वारी, बाजरी, नाचणी यांचा बराच भाग घरीच खाल्ला जातो किंवा आठवडी बाजारात विकला जातो. समितीच्या काट्यावर तो येत नाही. त्यामुळे या पिकांचा निधी सोयाबीन किंवा तुरीइतका भरणार नाही. तिथे राज्य सरकारने आपला वाटा बरोबरीचा न ठेवता तिप्पट-चौपट ठेवावा आणि ही तरतूद कायद्याच्या मूळ मसुद्यातच असावी, नंतरच्या शासन निर्णयावर सोडू नये.